दारावरची चाळणी

हॅनोव्हरमध्ये डिसेंबरातली दुपार नावालाच असते. जेवण उरकून भांडी मशीनमध्ये लावेपर्यंत खिडकीतला उजेड मळकट होतो आणि चहाचं आधण ठेवेपर्यंत बाहेर चक्क रात्र झालेली असते. इतकी वर्षं इथे काढली, तरी माझ्या अंगाला हे अजून पटलेलं नाही. परवा शनिवारी अशाच वेळी अश्विनीने, माझ्या बायकोने, वरच्या फळीवरची काचेची छोटी बरणी काढून झाकण उघडलं. त्यात मस्तिहा असतो. ग्रीसमधल्या एका झाडाचा हा डिंक, वाळलेल्या थेंबांसारखा दिसणारा. तिकडे नाताळच्या पावात कुटून घालतात. वास थोडा कापराचा, थोडा ओल्या लाकडाचा. तो घरभर पसरला आणि मी हातातलं काम टाकून उठलो, पॅसेजमधला दिवा लावला आणि बंद दाराकडे बघत उभा राहिलो.

"काय झालं रे?" अश्विनीने आतून विचारलं.

"काही नाही."

तिने पुन्हा विचारलं नाही. त्या वासाबरोबर घरात काय काय येतं, ते तिलाही माहीत आहे.

बरणी डेस्पिनाआजींची. आमच्या समोरच्या दारात राहायच्या. ऐन विशीत ग्रीसच्या डोंगरातल्या एका गावातून इथे बिस्किटांच्या कारखान्यात कामाला आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. बारा महिने काळे कपडे, पायात लोकरी सपाता, आणि जर्मन अशी की प्रत्येक वाक्य आधी मळून मग लाटल्यासारखं सावकाश बाहेर यायचं. जिन्यात भेटलो की त्या मान हलवायच्या, आम्ही 'हालो' म्हणायचो. अनेक वर्षं आमचा शेजार एवढाच होता. नाना आले आणि सगळंच बदललं.

नाना म्हणजे माझे वडील. इचलकरंजीच्या गिरणीत कापड तपासण्यात त्यांची हयात गेली. डोळ्याला भिंग लावायचं आणि इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. घरीसुद्धा सवय तीच. पाहुण्यांनी नवीन शर्ट घातलेला दिसला, की बाही चिमटीत धरून बोटाच्या नखाने मोजायला लागायचे. आई चिडायची, पाहुणे अवघडून बसायचे. आई गेल्यावर नाना एकटे पडले. मग एक दिवस शेजाऱ्यांचा फोन आला, की नाना रोज सकाळी डबा घेऊन बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात. बऱ्याच खटपटी करून, कागदांची भेंडोळी जमवून आम्ही त्यांना इकडे आणलं. उन्हाळ्यात ते बरे होते. माझ्या मुलीला, सईला, ते मराठीत गोष्ट सांगायचे आणि ती जर्मनमध्ये प्रश्न विचारायची. दोघांचं मजेत चालायचं.

नोव्हेंबरात दिवस आखडले आणि नानांचं घरी जाणं सुरू झालं.

अंधार पडायला लागला की ते उठायचे. कोट घालायचे, मफलर गुंडाळायचे, आणि दाराशी जाऊन मला म्हणायचे, "चल की निखिल. घराकडं जाऊ या. तुझी आई वाट बघत असंल." आधी आम्ही समजूत घालायचो, मग विषय बदलायचो, मग दाराला वरच्या बाजूला एक कडी बसवून घेतली. एकदा कडी लावायची राहिली आणि नाना गेले. ट्रामच्या थांब्यावर सापडले, पायात घरातल्या चपला, ओठ निळे. एका बाईने आपला कोट त्यांच्या अंगावर टाकला होता, म्हणून निभावलं. त्या दिवशी अश्विनी आणि मी ठरवलं. पुन्हा एकदा जरी असं झालं, तर जानेवारीत त्यांना पफ्लेगेहाइममध्ये ठेवायचं. शहराबाहेरच्या एका वृद्धसेवाकेंद्रात आम्ही त्यांचं नावही घालून आलो होतो. नाताळची सुट्टी तेवढी मध्ये होती. ती सुट्टी नीट पार पडली, तर नाना घरात राहणार होते. नाही पडली, तर जाणार होते. दुसरं काही त्या दिवसांत माझ्या डोक्यात नव्हतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आनंदाने हाक मारली. "सूनबाई, शेजारणीनं फराळ पाठवलाय बघ!"

दोन दारांच्या मध्ये, जिन्याच्या कडेला, एक निळ्या काठाची पांढरी ताटली होती. त्यात तळलेल्या सोनेरी सुरळ्या, वरून मध, अक्रोडाचा चुरा, दालचिनी. थेट आपले चिरोटे, फक्त पाकाऐवजी मधात न्हालेले. आम्हाला वाटलं, सणाचं ताट आलं. ताट आलं की आपल्याकडे काय करतात? खातात. सगळ्यात आधी नानांनी उचलला. "तुझ्या आईच्या हातचा जरा खुसखुशीत असतो," असं म्हणून दुसराही घेतला.

आणि ताटली रिकामी परत द्यायची नाही, हा नानांचा कायदा. लहानपणापासून ऐकत आलोय. दुसऱ्याचं भांडं भरून आलं, तर भरून जायला पाहिजे. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं पाठवू नको. नाना किती काय काय विसरले होते, पण हे नाही. त्यांनी स्वतः ताटली धुतली, पुसली, अश्विनीने थंडीसाठी केलेले डिंकाचे लाडू त्यात मांडले. सुट्टीच्या दिवशी जर्मनीत कुणाच्या दाराची घंटा वाजवणं बरं नव्हे, म्हणून ताटली जिथे होती तिथेच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा सुरळ्या. आम्ही पुन्हा खाल्ल्या. या वेळी ताटलीतून चिवडा गेला. मला तर शेजारधर्माचं फार कौतुक वाटायला लागलं होतं.

त्या संध्याकाळी घंटा वाजली. दारात डेस्पिनाआजी. हातात तीच ताटली, तिच्यात चिवडा आणि एक लाडू. चेहरा पिठासारखा. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि हळूच विचारलं, "हेर निखिल, जिन्यात तुम्ही कुणाला पाहिलंत का? माझ्या दारात कुणीतरी... त्यांनी मला उलट खाऊ दिला. आजवर कधी दिला नाही."

मी हसत हसत सगळा घोटाळा सांगितला. अश्विनीही हसली. आजी हसल्या नाहीत.

"आल्झो, म्हणजे," त्या म्हणाल्या, "तो खाऊ तुमच्यासाठी नव्हता."

मग स्वयंपाकघरात बसून, अश्विनीचा चहा हातात धरून, त्यांनी जे सांगितलं ते मी एरवी हसण्यावारी नेलं असतं. नाताळपासून पुढचे बारा दिवस कालिकान्झारी, म्हणजे जमिनीखालचे सैतान, वर येतात. काळे, केसाळ, लंगडे. वर्षभर ते जमिनीखाली एका मोठ्या झाडाचं खोड करवतीने कापत असतात. त्याच झाडावर ही पृथ्वी टेकलेली आहे. खोड तुटायला एक बोट उरलं की नाताळ येतो आणि ते काम टाकून वर धावतात, घराघरांत शिरतात. बारा दिवसांनी परत जातात, तोवर झाड पुन्हा भरून आलेलं असतं. त्यांनी घरात येऊ नये म्हणून आजींच्या गावात कढईतला पहिला घाणा छपरावर फेकायचे. "इथे चौथ्या मजल्यावरून छपरावर कशी फेकणार? म्हणून जिन्यात ठेवते. खाली राहणारे काका हाउसओर्डनुंग, इमारतीचे नियम, दाखवतात, पण मी ठेवते."

"कुणी आधी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी पॅसेजकडे पाहिलं. नाना कोट घालून दाराशी उभे होते.

"त्यांचा वाटा जो खातो, त्याला ते आपल्यातला समजतात," आजी म्हणाल्या. "परत जाताना..." आणि पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. नानांना जर्मनचा एक शब्द कळत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांना मराठीत आमच्यापैकी कुणीही, कधीही सांगितली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढचं वाचताना ते ध्यानात असलेलं बरं.

आजी उठून आपल्या घरात गेल्या आणि पाणी निथळायची एक मोठी चाळणी घेऊन आल्या. जुनी, जागोजागी पोचे आलेली, गावाहून आणलेली. तशीच एक त्यांच्या स्वतःच्या दाराबाहेर लटकत असायची; ती त्यांनी वाळायला टांगली आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. ही त्यांनी आमच्या दाराला टांगली, पण आतून. त्यांच्यातल्या कुणालाही चाळणी दिसली की तो भोकं मोजायला बसतो, त्या म्हणाल्या. तीन हा आकडा पवित्र, तो त्याच्या तोंडून निघत नाही. एक, दोन, की पुन्हा पहिल्यापासून. उजाडेपर्यंत तिथेच.

"पण मग बाहेरून लावा ना," मी म्हटलं.

"तुमच्या घरात जो आहे, तो आत आहे," आजी म्हणाल्या.

मला राग आला. माझ्या वडिलांना ही बाई काय समजते, असं वाटलं. काढून टाकतो म्हणून मी दाराकडे गेलो आणि तसाच थांबलो. नानांनी मफलर सोडून खांद्यावर टाकला होता. बुटांच्या स्टुलावर बसून ते चाळणी नखाने चाचपत होते, जशी आयुष्यभर कापडं चाचपली तशी.

"एक, दोन," नाना म्हणत होते. "एक, दोन. एक, दोन."

"नाना," मी म्हटलं, "पुढं?"

"पुढं काय?"

"तीन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वडीलधाऱ्यांसमोर मी काहीतरी अभद्र बोललो होतो. मग पुन्हा चाळणीकडे वळले. एक, दोन.

घरी जाऊ या, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत.

ते दिवस आठवतात ते वासांनी. अंधार पडायच्या आधी आजी पिशव्या घेऊन यायच्या आणि आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायच्या. तळणाच्या वासाने आणि घरातल्या आगीने ते लांब राहतात, म्हणून रोज काहीतरी तळलं किंवा भाजलं गेलंच पाहिजे, हा त्यांचा हुकूम. चूल नव्हती; ओव्हन चालू ठेवायचा. मेलोमाकारोना नावाची बिस्किटं व्हायची, संत्र्याचा रस आणि ऑलिव्हचं तेल घातलेली. ओव्हनमधून काढली की तशीच चटके देत थंड पाकात. "एक गरम, एक थंड," आजी अश्विनीला बजावायच्या. "दोन्ही गरम असले तर लगदा." कुराब्येदेस व्हायचे, आपल्या नानकटाईचे भाऊ, पण पिठीसाखरेत असे पुरलेले की खाताना बोललं की समोरच्याच्या स्वेटरवर बर्फ. कोबीच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळून वर लिंबू-अंड्याचं सार ओतायचं. बाळ येशूची दुपटी म्हणे ती. आमच्यासाठी त्यांनी खिम्याऐवजी मनुका घातल्या, पण तोंड वाकडं करून. आणि त्या सुरळ्या, दिप्लेस. पातळ लाटलेली पारी उकळत्या तेलात सोडायची आणि फुगायच्या आत दोन काट्यांनी गुंडाळायची. अश्विनीच्या उलगडून जायच्या. आजी तिच्या हातावर चापट मारायच्या आणि म्हणायच्या, "भिऊ नको, तेलाला कळतं." एकदा धुराचा अलार्म बोंबलला आणि खालचे काका वर आले. त्यांच्या हातात आजींनी बिस्किटांची बशी दिली. ते गेले आणि पुन्हा आले नाहीत.

एके दिवशी पाव होता. ख्रिस्तोप्सोमो, वर कणकेचा क्रूस आणि मधोमध आख्खा अक्रोड. त्यात तो मस्तिहा. आजींनी पहिला तुकडा नानांकडे नेला. नानांनी वास घेतला, तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "डिंक हाय ह्यात," म्हणाले. मी भाषांतर केलं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" आजी खूश झाल्या आणि त्यांच्याशी ग्रीकमध्ये काहीतरी भराभर बोलल्या. नाना मराठीत म्हणाले, "तर काय! बाळंतिणीला हाच देत्यात." दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या क्षणी मला वाटलं, सगळं ठीक आहे, माणसं म्हातारी होतात, एवढंच.

पण स्वयंपाकघरात गलका असायचा तोवर बरं वाटायचं. मध्येच सगळे गप्प झाले, की पॅसेजमधून ते यायचं. एक, दोन. एक, दोन. ना चढ, ना उतार. सई कानांवर हात ठेवून आपल्या खोलीत जायची. आणि एकदा त्या शांततेत नाना म्हणाले, "खाली माग सुरू झालं. पाळी बदलली वाटतं."

आजींनी झारा हातात तसाच धरला. "काय म्हणतात ते?"

"खाली यंत्रमाग चालू आहेत म्हणतात. कापडाचे."

"माग नाहीत," आजी म्हणाल्या. "करवत आहे."

मी कान दिला. खरंच काहीतरी येत होतं. जमिनीतून, भिंतीतून, एका ठेक्यात. हीटिंगचा पंप असणार, असं म्हणून मी त्या दोघांना निकालात काढलं. इंजिनिअर आहे मी, पंपांचंच खातो. तरी चार मजले उतरून केलरमध्ये, तळघरात, गेलो. पंप नवा होता. हात ठेवल्याशिवाय तो चालू आहे हे कळतही नव्हतं. मी वर आलो आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

बारा दिवसांत नाना एकदाही बाहेर पडले नाहीत. रोज अंधार झाला की चाळणीसमोर बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. शेवटच्या दिवशी, सहा जानेवारीला, आजी त्यांच्या चर्चमधून मंतरलेलं पाणी घेऊन आल्या, बाटलीत, आणि एक हिरवी डहाळी. वासावरून ओळखली, तुळशीच्याच घराण्यातली. डहाळी बुडवून त्यांनी प्रत्येक खोलीत पाणी शिंपडलं, कपाटात, पलंगाखाली, नानांच्या डोक्यावर. मग चाळणी दारावरून उतरवली.

स्टुलावर बसलेले नाना मोकळ्या दाराकडे बघत म्हणाले, "तीन."

मग "चार, पाच, सहा," असं कितीतरी वेळ, समोर काही नसताना. आणि थांबून म्हणाले, "चहा."

अश्विनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही रडलो असतो, पण चहा मला करायचा होता. नाना घरात राहिले होते. सेवाकेंद्राला मी दुसऱ्या दिवशी फोन करून नाव काढून टाकलं. इतकं हलकं मला त्याआधीच्या वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर नानांनी घरी जायचं नाव काढलं नाही. ना कोट, ना मफलर. अंधार पडला तरी खुर्चीत बसून राहायचे. दार उघडं राहिलं तरी त्याच्याकडे बघायचे नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, छान, स्थिरावले. पाहुण्यांच्या बाह्या त्यांनी पुन्हा धरल्या नाहीत. आईचं नाव काढलं तर नम्रपणे ऐकून घ्यायचे, अनोळखी माणसाच्या घरची गोष्ट ऐकावी तसे.

फेब्रुवारीत आजींनी सारभात पाठवला, एका वाडग्यात. नानांनी खाल्ला, वाडगा तसाच उचलला आणि समोरच्या दारात जाऊन आजींच्या हातात दिला. रिकामा. आजींनी आधी वाडग्यात पाहिलं, मग नानांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे.

मी तेव्हा काय समजायचं ते समजलो. घराकडं जाऊ या म्हणणारे, ते माझे नाना होते. त्यांना जाऊ द्यायचं नाही एवढाच हट्ट मी धरला होता, आणि जे राहिलं ते मला मिळालं. सुखाने जेवणारं, झोपणारं, कुणाला त्रास न देणारं. त्याची मी मनापासून सेवा केली. ऑगस्टमध्ये ते आपल्या पलंगावर, झोपेतच गेले. लोक म्हणाले, भाग्यवान. मी मान हलवली. खरं तर मला त्या खोलीत जानेवारीपासूनच सुतक वाटत होतं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी आजींना त्यांची मुलगी गावी घेऊन गेली. जाताना मस्तिहाची बरणी, निळ्या काठाची ताटली आणि ती पोचे आलेली चाळणी त्या आमच्याकडे ठेवून गेल्या. "दर नाताळात करत जा," एवढंच म्हणाल्या. त्यांचं घर रिकामंच आहे अजून.

गेल्या नाताळात आम्ही केलं. हसत हसतच. अश्विनीच्या दिप्लेस आता उलगडत नाहीत. पहिला घाणा ताटलीत घालून जिन्यात ठेवला, आणि आजींची चाळणी दाराबाहेर टांगली, त्या टांगायच्या तशी. वरची कडी सवयीने लावली. सकाळी मी पेपर घ्यायला दार उघडलं.

ताटली धुऊन पुसून ठेवलेली होती. कोरडी, चकचकीत. मधोमध चिमूटभर साखर.

मी अश्विनीला विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली. सईला विचारलं. "पापा, इश वार्स निश्ट," मी नव्हते, म्हणाली, आणि ती खोटं बोलत असती तर मला कळलं असतं. खालचे काका? त्यांनी ताटलीखाली तक्रारीची चिठ्ठी ठेवली असती. पिठीसाखर उडाली असेल म्हणावं, तर ते कुराब्येदेस आम्ही केलेच नव्हते, आणि ही दाणेदार साखर होती. मी एक दाणा जिभेवर ठेवला. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी आलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

समोर दारावर चाळणी लटकत होती. म्हणजे नाना चार मजले चढून आले, खाऊन, ताटली धुऊन, आपला कायदा पाळून, आणि मग दाराशी येऊन उभे राहिले. आणि समोर भोकं. एक, दोन. एक, दोन. आम्ही आत झोपलो होतो.

आज अश्विनी पाव मळतेय. मस्तिहाचा वास आहे, खिडकीत उजेड मळकट होत चाललाय. दाराची वरची कडी मी सकाळीच स्क्रूड्रायव्हर घेऊन काढून टाकली. नाताळला पहिला घाणा ताटलीत घालून जिन्यात ठेवणार आहे. चाळणी टांगणार नाही.